दयेपासून सोबतीपर्यंत



पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या आणि परत आल्यावर १८८९ मध्ये तेथील लोकस्थितीवर त्यांनी मराठीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. स्वतःच्या संस्था स्वतः चालविणाऱ्या तेथील स्त्रियांचे त्यांना केवढे कौतुक वाटले, हे ते पुस्तक वाचणारास ठाऊक आहेच. त्या स्त्रियांच्या लेकी-नातींनी पुढे एक अवघड वाट धरली. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या वाटेविषयी.

१९२० च्या सुमारास अमेरिकेतील प्रॉटेस्टंट स्त्रियांच्या एका परिषदेने अटलांटिक किनाऱ्यावरील फिरत्या शेतमजुरांच्या मुलांसाठी केंद्रे उघडली. आया पहाटेपासून शेतात नाही तर भाजीपाला डबाबंद करण्याच्या कारखान्यात; तान्ही मुले वाऱ्यावर. या बायांनी त्यांना न्हाऊ-माखू घातले, दूध दिले, अक्षरे शिकविली. हे काम लहान होते असे कोणी म्हणू नये. परंतु हंगाम सरला की ते कुटुंब पुढच्या मळ्यावर जाई, आणि मजुरी होती तेवढीच राही. दुधाचा पेला भरला. ज्या कारणाने तो रिकामा होता ते कारण मात्र जागच्या जागी राहिले.

कायदाही मजुराच्या बाजूस नव्हता. कामगारांना संघटनेचा हक्क देणारा अमेरिकेचा १९३५ चा कायदा झाला, त्यातून शेतमजूर वगळले गेले. संघटना केली म्हणून मालकाने काढून टाकले, तर या कायद्याखाली दाद मागण्याची सोय नव्हती.

मग १९६५ साल उजाडले. कॅलिफोर्नियातील देलानो गावी ८ सप्टेंबरला फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला. १६ सप्टेंबरला मेक्सिकन मजूर ग्वादालूपे-मातेच्या चर्चच्या सभागृहात जमले आणि तेही संपात उतरले. त्यांच्या संघटनेच्या संस्थापकांत डोलोरेस वेर्ता ही बाई होती; पुढे मळेवाल्यांशी करारनाम्याची बोलणी तिने केली. १९६६ च्या वसंतात हे मजूर राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पायी गेले. पुढे ग्वादालूपे-मातेचे निशाण होते आणि ते पोहोचले ईस्टरच्या दिवशी.

येथे चर्चमधील स्त्रियांची खरी परीक्षा झाली. प्रार्थनेला शेजारच्या बाकावर बसणारा मळेवाला हाच त्या मंडळीचा वजनदार सभासद. मजुरांत काम करणाऱ्या प्रॉटेस्टंट सेवासंस्थेने संपाची बाजू घेतली, तेव्हा आसपासच्या मंडळ्यांचा रोष तिच्यावर ओढवला. दया केली तर शेजारी रागावत नाही. बाजू घेतली की रागावतो. दोहोंतला फरक ओळखण्यास याहून सोपी खूण आम्हांस माहीत नाही.

पुढे मजुरांनी शहरांतील गृहिणींना एकच मागणे घातले : आमची द्राक्षे घेऊ नका. बहिष्कार हा शब्द आपणांस १९०५ पासून परिचयाचा आहे. त्यात दुसऱ्याला काही द्यावयाचे नसते, स्वतः सोडावयाचे असते. अनेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षांचाच रस असतो. तो पेला ओठांशी नेणाऱ्या स्त्रीने, ही द्राक्षे कोणी तोडली, हे विचारलेच पाहिजे. तेथे श्रद्धा आणि बाजारहाट वेगळी राहत नाहीत. दुकानांच्या दारांशी गृहिणी उभ्या राहिल्या, धर्मभगिनी उभ्या राहिल्या. १९७० च्या जुलैत देलानोच्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या.

करार संपले आणि १९७३ साली पुन्हा संप झाला. कोर्टाची मनाई मोडून निदर्शनास गेलेल्या अनेक धर्मभगिनींना त्या उन्हाळ्यात अटक झाली. त्यांच्याबरोबर डोरोथी डे ही कॅथॉलिक लेखिकाही तुरुंगात गेली. तिचे वय तेव्हा ७५ होते. १९७५ साली कॅलिफोर्नियाने शेतमजुरांचा संघटनेचा हक्क कायद्याने मान्य केला, आणि पाठ मोडणारे आखूड दांड्याचे खुरपेही त्याच वर्षी तेथे बंद झाले.

एवढ्याने गोष्ट संपली नाही. फ्लॉरिडातील इमोकली येथे मेक्सिको, ग्वातेमाला, हैती येथून आलेले मजूर टोमॅटो तोडतात. त्यांची बादली ३२ पौंडांची. टोमॅटो घेणाऱ्या एका मोठ्या उपाहारगृह-कंपनीपाशी त्यांनी पौंडामागे एक सेंट जादा मागितला. २००२ साली प्रेस्बिटेरियन चर्च या बहिष्कारात सामील झाले. त्या चर्चचे आणि त्या कंपनीच्या मालक कंपनीचे मुख्य कार्यालय एकाच शहरात, लुइव्हिलला! देशभर दौऱ्यावर निघालेल्या मजुरांना ठिकठिकाणच्या चर्चमध्ये जेवण व मुक्काम मिळाला. त्या स्वयंपाकघरांत कोणाचे हात होते, हे सांगावयास नको. २००५ साली कंपनीने तो सेंट मान्य केला.

भगिनींनो, १९२० च्या बायांना आम्ही कमी लेखत नाही. मूल मांडीवर घेतल्यावाचून त्याच्या आईची मजुरी किती, हा प्रश्न त्यांच्या लेकींना सुचला नसता. पण सुचल्यावर तो गिळून पुन्हा दुधाकडेच वळणे, हे श्रद्धेला शोभत नाही. त्या लेकी वळल्या नाहीत.