ढाक्याची संसद पाहताना

इमारत पाहायची म्हटलं की आपली नजर आधी घुमट, शिखर, नक्षीकाम शोधते. ढाक्याच्या जातीय संसद भवनात, म्हणजे बांगलादेशच्या संसदेत, यातलं काही मिळत नाही. तळ्याच्या पाण्यातून वर आलेल्या काँक्रीटच्या करड्या भिंती आणि त्यांत कापलेले भलेमोठे त्रिकोण नि वर्तुळं. पहिल्या नजरेत ती रुक्षच वाटेल. म्हणून भिंतीजवळ जाऊ.

दर पाच फुटांवर संगमरवराची एक पांढरी पट्टी आडवी गेलेली दिसेल. इथे काँक्रीट मजुरांनी डोक्यावरून वाहून नेलं. दिवसाकाठी थर चढे तो साधारण पाच फुटांचा. कालचं काम आजच्या कामाला जुळतं तिथे सांधा राहणारच. वास्तुकार लुई काहन यांनी तो गिलावा करून झाकला नाही, उलट त्यावर संगमरवर बसवला. भिंत कशी चढत गेली, हे तिच्या अंगावरच वाचता येतं. मला साऱ्या इमारतीत ही पट्टी सर्वांत मोलाची वाटते, कारण त्या मजुरांची मेहनत तिथे कायमची नोंदली गेली आहे.

आता ती वर्तुळं. त्यांच्यामागे आधी मोकळी जागा आहे, मग आतली दुसरी भिंत. बंगालचं ऊन, पाऊस बाहेरच्या भिंतीवर अडतो. आत येतो तो निवलेला उजेड.

मधोमध सभागृह. त्याचं छत छत्रीसारखं पसरलेलं, कडेनं दिवसाचा उजेड उतरतो. भोवती कचेऱ्या, प्रार्थनागृह वगैरे आठ भाग, आणि दोहोंमध्ये उंचच उंच फिरती वाट. सत्ताधारी असो वा विरोधक, या वाटेवर गाठ पडतेच. संसदेचं कितीतरी काम अशा गाठीभेटींतच होतं. प्रार्थनागृह तेवढं किबल्याच्या, म्हणजे मक्केच्या, दिशेनं किंचित वळलेलं आहे. नकाशात ते तिरपेपण लगेच डोळ्यांत भरतं.

काम सुरू झालं ते पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांच्या काळात, तेव्हा पूर्व पाकिस्तानात असलेल्या ढाक्यात देशाची दुसरी राजधानी उभारण्यासाठी. 1971 च्या बांगलादेश मुक्तियुद्धात ते थांबलं. 1974 साली काहन वारले. 1982 साली इमारत पुरी झाली, ती स्वतंत्र देशाची संसद म्हणून.

ढाक्याला जाणं सर्वांना जमणार नाही, पण अहमदाबाद जवळ आहे. तिथल्या आयआयएम या व्यवस्थापन संस्थेच्या विटांच्या इमारती काहन यांच्याच. त्यांना तिथे आणण्यात पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांचा पुढाकार होता. त्या भिंतींतही मोठाली वर्तुळं आहेत. संधी मिळाली, तर समोरून फोटो काढून परतू नका. वर्तुळाच्या मागे उभे राहा, ऊन कुठे अडतं आणि वारा कुठून येतो ते बघा.