किरकोळ म्हणून सोडलेली वर्दी



अग्निशमन अधिकारी आणि जवानांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. प्रत्येक वर्दीवर, म्हणजे मदतीसाठी आलेल्या प्रत्येक फोनवर, पूर्ण संरक्षक साधने घालूनच उतरायचे. मोठ्या आगीबद्दल मी फार बोलणार नाही. गोदाम पेटलेले दुरून दिसले की कोट चढवा, असे कोणाला सांगावे लागत नाही. माझी काळजी मीटर बॉक्सची आहे, कचऱ्याच्या ढिगाची, रस्त्याकडेला पेटलेल्या गाडीची, बंद घरात करपलेल्या कुकरची आहे. बंबात बसता बसता कोणीतरी म्हणतो, ‘किरकोळ आहे’, आणि बीए सेट, म्हणजे श्वसनयंत्र, गाडीतच राहतो.

वर्दी किरकोळ होती हे ठाण्यावर परतल्यावर कळते, निघताना नाही. कचऱ्यात स्प्रेचे डबे आहेत की रसायनाचा कॅन, हे फोन करणाऱ्याला ठाऊक नसते. मोटारीत एअरबॅग असतात, डिकीचे झाकण उचलून धरणारे दाबाखालचे दांडे असतात; तापले की ते फुटून उडतात. इलेक्ट्रिक दुचाकीची बॅटरी पेटली तर धुरात हायड्रोजन फ्लोराइड येतो. आणि ‘नुसता धूर आहे’ असे आपण जिच्याबद्दल म्हणतो त्या खोलीत फोमची गादी हायड्रोजन सायनाइड सोडते, पीव्हीसीची वायर हायड्रोजन क्लोराइड सोडते. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो.

सगळ्यात जास्त निष्काळजीपणा आग विझल्यानंतर होतो. ज्वाळा गेल्या, खिडक्या उघडल्या, हवा डोळ्यांना स्वच्छ दिसू लागली, की मास्क निघतो. मग तासभर कूलिंग चालते, छत खरवडले जाते, धुमसती गादी ओढून बाहेर काढली जाते, आणि तो सगळा वेळ आपला माणूस त्याच वायूंत उघड्या तोंडाने राबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशमनाचा व्यवसाय कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला, म्हणजे तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच गटात. मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांबाबतचा पुरावा त्यांनी पुरेसा मानला. हा आजार घटनास्थळी दिसत नाही. निवृत्तीनंतर दिसतो, आणि तेव्हा त्याची नोंद कोणत्याच वर्दीच्या रजिस्टरात होत नाही.

काजळी कातडीतूनही आत जाते, म्हणून मानेवरचा हूड आणि हातमोजे ही शोभेची साधने नव्हेत. साधारण ५५ अंश सेल्सिअसला कातडी भाजून फोड येतात. फ्लॅशओव्हरच्या वेळी, म्हणजे खोलीतले सगळे एकदम पेट घेते तेव्हा, खोलीचे तापमान ६०० अंशांच्या आसपास असते. मधल्या काही क्षणांत माणसाला बाहेर पडता यावे, यासाठीच कोटाला तीन थर असतात.

आता आपल्या जवानांची तक्रार, जी मला पूर्ण मान्य आहे. मे महिन्यात चंद्रपुरात किंवा नागपुरात पारा ४५ च्या वर असताना वीसेक किलोचा बोजा अंगावर घेऊन जिना चढणे म्हणजे काय, हे वातानुकूलित खोलीत बसून कळणार नाही. कोटाच्या आत घाम वाळत नाही, हृदयावर ताण येतो. पण यावर उपाय कोट काढणे हा नाही. बदली पथक वेळेवर पाठवा, सावली आणि पाणी द्या, हवेचा एक सिलिंडर संपल्यावर माणसाला सक्तीने बसवा. मनुष्यबळ कमी आहे म्हणून विश्रांती नाही आणि विश्रांती नाही म्हणून कोट नाही, ही साखळी अधिकाऱ्यांनीच तोडली पाहिजे.

‘पूर्ण साधने’ म्हणजे त्या त्या वर्दीला लागणारी पूर्ण साधने, हेही स्पष्ट करतो. सांगली-कोल्हापूरच्या पुरात आगीचा कोट घालून उतरणारा माणूस बुडेल. तिथे लाइफ जॅकेट आणि हलके हेल्मेट हवे.

मुंबईतल्या काळबादेवीच्या २०१५ च्या आगीत आपण चार अधिकारी गमावले. त्यांत मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारीही होते. हुद्द्याने कोणी सुरक्षित होत नाही. साहेब साध्या शर्टावर उभे राहिले तर नवा फायरमन हूड घालणार नाही. मुंबईच्या १९४४ च्या गोदी स्फोटात ६६ जवान गेले. त्या स्फोटापुढे कोणताही कोट टिकला नसता, हे मी जाणतो. म्हणूनच जिथे कोट टिकतो तिथे तो न घालता माणूस गमावणे मला सहन होत नाही. त्या स्फोटाच्या स्मृतीसाठी दर १४ एप्रिलला आपण हुतात्म्यांना मानवंदना देतो; त्याच दिवशी प्रत्येक ठाण्यात साधनांची तपासणीही व्हावी.

शेवटी या परिषदेपुढे एक ठराव ठेवतो. प्रत्येक जवानाला कोटाचे दोन संच मिळावेत, म्हणजे एक धुण्यात असताना दुसरा अंगावर असेल. प्रत्येक ठाण्यात धुलाईची सोय व्हावी, काजळलेला कोट कोणी घरी नेऊ नये. आणि साधने अपुरी असलेल्या माणसाला खाली न उतरवण्याचा अधिकार बंबावरच्या प्रमुखाला लेखी मिळावा, त्याबद्दल नंतर त्याच्याकडे खुलासा मागितला जाऊ नये. ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांनी कृपया आपली नावे द्यावीत.