तोटीचे पाणी

बडोद्याच्या वाडीत उंदीर दिसला, की पिंजरा शोधण्याची धांदल उडते. याच शहरात 1907 साली अलेम्बिकचा कारखाना निघाला आणि पुढे औषधनिर्मिती हा येथील मोठा धंदा झाला. औषधांची पहिली परीक्षा बहुधा होते ती मात्र पिंजऱ्यात जपून वाढविलेल्या पांढऱ्या उंदरांवर.

या उंदरांना उलट्या टांगलेल्या बाटलीतून पाणी देण्याची जुनी रीत आहे. मोठ्या प्राणिगृहांत आता प्रत्येक पिंजऱ्यात नळाची तोटी येते. तिच्या तोंडाशी बारीक दांडी असते; ती जिभेने ढकलली, की थेंब पडतो. बाटलीवर वाढलेल्या उंदराला हे कोणी सांगावे? पंचवीस ग्रॅमांचा तो जीव दिवसाला चार-पाच मिलिलिटर पाणी पितो. तेवढे न मिळाले, तर एक-दोन दिवसांतच त्याची पाठ वाकते, केस विस्कटतात. नळ भरलेला आणि उंदीर तहानेला! अशा उंदरावरील प्रयोगाचा निष्कर्ष तरी काय कामाचा?

प्राण्यांना होणाऱ्या क्लेशांविरुद्ध 1960 चा कायदा आहे; पण तोटी तुंबली की काय, हे पाहावयास कायदा येत नाही. म्हणून जाणता सेवक प्रत्येक तोटी बोटाने दाबून पाहतो, टोकाशी थेंब लोंबता ठेवतो, नव्या उंदरांचे वजन करतो. तीन आठवड्यांच्या, दूध तुटलेल्या पिल्लांसाठी तोटी खाली हवी आणि पाण्याचा दाबही कमी हवा. एरवी दांडी त्यांना ढकलवत नाही. आईच्या पिंजऱ्यातच तोटी असली, तर पिल्ले बहुधा आपसूक शिकतात. तोटी गळू लागली, तर मात्र तीच पिल्ले रात्रीतून गारठून मरतात.