बोलता येईल इतकंच धावायचं

(बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



बॅचच्या ग्रुपवर मी अधूनमधून धावतानाचे फोटो टाकते, म्हणून आयोजकांनी मला हा विषय दिला. शाळेच्या क्रीडास्पर्धेत मला कधी बक्षीस मिळालं नाही, हे पुढच्या रांगेत बसलेल्या पी.टी.च्या सरांना चांगलं ठाऊक आहे. त्यामुळं मी खेळाडू म्हणून बोलत नाही. बँकेत नोकरी करणारी, पन्नाशीला आलेली एक बाई आठवड्यातून चार दिवस साताऱ्याच्या रस्त्यावर धावते. ते कसं जमतं आणि कुठं अडतं, एवढंच सांगते.

पंचेचाळिसाव्या वर्षी माझी रक्तातली साखर काठावर आली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. काही महिने चालले आणि मग त्यांना विचारून, तपासण्या करून धावायला सुरुवात केली. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं. सलग अर्धा तास धावायला मला पाच महिने लागले.

आपल्यापैकी बरेच जण सुरू करतात आणि चौथ्या दिवशी सोडतात. कारण धावणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं शंभर मीटरची शर्यत येते. शिट्टी वाजली की जीव खाऊन सुटायचं! रोजचं धावणं तसं नसतं. त्याचा नियम सोपा आहे: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांतच धाप लागत असेल तर वेग कमी करायचा, नाहीतर चालायचं. चालण्यात कमीपणा नाही.

दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूबंध मजबूत व्हायला मात्र महिने लागतात. म्हणून दीड-दोन महिन्यांनी आपल्याला वाटतं, आता काय, कितीही पळू! आणि नेमकी तेव्हाच नडगी नाहीतर टाच धरते. अंतर थोडं थोडं वाढवा, मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवा. बूट पायाला बसणारे घ्या, दिसायला कसे का असेनात. पावसाळ्यात ते भिजले की आत वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळवायचे. कुत्री मागं लागली तर पळायचं नाही. थांबायचं आणि शांतपणे चालायला लागायचं. सहा वर्षांचा अनुभव आहे!

पण खरी अडचण रस्त्यावर नव्हती. ती घरात होती.

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मला धावायला लागून वर्ष झालं होतं. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहाटे साडेपाचची पाळी माझी होती. म्हणजे रात्रीचीही माझीच, आणि दुपारी बाई ठेवली तर तिच्यावर लक्षही माझंच. धावणं बंद झालं. कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी ते गृहीत धरलं होतं, आणि मीही.

तीन महिन्यांनी मी यजमानांना म्हटलं, "आठवड्यातून चार दिवस साडेपाच ते साडेसहा मी घरात नसेन. कूस कशी बदलायची ते मी शिकवते." ते थोडे गडबडले. आईचं अंग धरायचं त्यांना अवघड वाटत होतं. आठवडाभर आम्ही दोघांनी मिळून केलं. मग त्यांना जमलं, पुढं मुलालाही जमलं. एकाच माणसाला येणारं काम तिघांना यायला लागलं.

धावण्याचा सगळ्यात मोठा फायदा कुणी विचारला, तर मी साखरेच्या आधी हा सांगते.

सासूबाईंचं माहेर यवतेश्वरच्या वरच्या बाजूचं. त्या रोज विचारायच्या, "आज कुठवर?" मी सांगायचे, "बोगद्यापर्यंत." एकदा घाट चढून आले, तर म्हणाल्या, "त्यात काय! आम्ही डोक्यावर सरपण घेऊन तिथनं खाली यायचो आणि परत वर जायचो." त्यांची वाचा थोडी जड झाली होती, पण हे वाक्य स्पष्ट होतं. गेल्या वर्षी त्या गेल्या.

आपल्या वेळी मुलांना पंधराशे मीटर असायचं आणि मुलींना लिंबू-चमचा. तेव्हा जगभरच असा समज होता. १९२८च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली आणि त्यांना ते झेपत नाही म्हणून ती थेट १९६०पर्यंत बंद राहिली. ऑलिंपिकमध्ये बायकांची पहिली मॅरेथॉन झाली १९८४ साली. आपण तेव्हा सहावीत होतो. आणि २०१६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली ललिता बाबर रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. माणसारख्या दुष्काळी मुलखातली मुलगी तिथवर गेली, हे आपल्या मुलीनातींना सांगायला हवं.

आपल्या गावात २०१२पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, तुम्हाला माहीत आहेच. एकवीस किलोमीटर, आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. सगळ्यांना चढाची भीती वाटते. पण चढावर फक्त धाप लागते. उतारावर मांड्यांना प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो आणि दोन दिवस जिने उतरताना त्याची आठवण राहते. मी दोनदा पूर्ण केली, तीन तासांना थोडी कमी. पहिला आलेला तोवर घरी जाऊन जेवला असेल. तरी धुक्यातून बाहेर आल्यावर खाली सगळं गाव आणि समोर अजिंक्यतारा दिसतो, तेव्हा आपला कितवा नंबर हे आठवतसुद्धा नाही. शाळेत, नोकरीत, मुलांच्या लग्नात, सगळीकडे कुणीतरी आपल्याला गुण देत असतं. इथं कुणी देत नाही.

एक मात्र सांगते, धावणं हे कवच नव्हे. आपल्या वर्गातले दोघं आज आपल्यात नाहीत. त्यातला एक रोज व्यायाम करणारा होता. म्हणून छातीत दडपण आलं, चक्कर आली, तर तिथंच थांबा आणि डॉक्टरकडे जा. पन्नाशीत सुरू करणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. गुडघे दुखत असतील तर चाला, पोहा, सायकल चालवा. माझा हट्ट धावण्याचा नाही, त्या एका तासाचा आहे.

मैत्रिणींनो, तो तास उरलेल्या वेळातून मिळत नाही, कारण आपल्याकडे वेळ उरतच नाही. दूधवाल्याची वेळ ठरलेली असते, तशी त्याची ठरवावी लागते आणि घरात मोठ्यानं सांगावी लागते. आणि मित्रांनो, घरी गेल्यावर एवढंच विचारा, "तुला रोज एक तास मिळाला तर काय करशील?" उत्तर लगेच येणार नाही. थांबा जरा.

आज मुक्कामाला असणाऱ्यांनी उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकापाशी यावं. चार भिंतींपर्यंत जाऊ. वेग गप्पा मारता येतील इतकाच असेल, आणि पस्तीस वर्षांच्या गप्पा साठल्या आहेत.