धुराडे आणि संमतीपत्र

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरात केलेले भाषण)



साखर कारखान्याच्या परिसरात गळीत हंगामाची चाहूल भोंग्याने लागते, तशीच दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरील काळ्या राखेनेही लागते. मागे एका गावाने या राखेविषयी अर्ज केला. अधिकारी दिवसा आले, तेव्हा धूळ रोखणारी यंत्रणा सुरळीत चालू होती. रात्री ती बंद ठेवतात, असे ग्रामस्थ सांगत. परंतु कोणत्या रात्री, किती वाजल्यापासून, याची नोंद कोणाजवळही नव्हती. अर्ज निकालात निघाला.

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1981 च्या कलम 21 अन्वये अशा कारखान्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे ही संमती नव्हे. हा घोटाळा अजूनही होतो. इंधन कोणते, धुराडे किती उंच, धूळ किती मर्यादेपर्यंत, हे संमतीपत्रात नमूद असते. तक्रार या अटींना धरून असावी.

धुराचा नमुना घेण्याचाही विधी आहे. कारखान्यास सूचना देऊन, नमुना मोहोरबंद करून, त्यावर स्वाक्षऱ्या घ्याव्या लागतात. एरवी पृथक्करणाचा अहवाल पुराव्यात ग्राह्य ठरत नाही. गावकऱ्यांनी पुडीत बांधून आणलेल्या राखेचे न्यायालयात काही चालत नाही. अधिकाऱ्यांनी केव्हा यावे, हे मात्र शिक्षकाने ठेवलेली साधी नोंदवही सांगू शकते.

मर्यादाभंगास 1981 मध्ये कमाल तीन महिन्यांचा कारावास वा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होत्या. 1987 च्या दुरुस्तीने दीड ते सहा वर्षांचा कारावास आला. 2023 च्या जनविश्वास अधिनियमाने तो जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांची शास्ती आली. भंग चालू राहिल्यास प्रतिदिनी दहा हजार अधिक. मोठ्या कारखान्यास ही रक्कम जड नाही, असे माझे प्रांजळ मत आहे. खरा धाक कलम 31 अ चा: मंडळ कारखाना बंद करण्याचा वा त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. स्वतःची वीज निर्माण करणाऱ्या कारखान्यास वीज तुटण्याचे भय ते काय? पण गाळप थांबले, तर ऊस शेतात वाळतो, आणि तो आपलाच असतो. तक्रारदार व कारखान्याचा सभासद पुष्कळदा एकच. अर्ज लिहिताना हात अडखळतो तो येथेच.

यास्तव संमतीपत्राची प्रत ऑगस्टमध्ये मागावी आणि वार्षिक सभेत यंत्रणेविषयी विचारावे. बाष्पकांची दुरुस्ती त्याच काळात चालू असते.