नाही म्हणायला शिकू या
(शिबिरात झालेल्या बोलण्याचा मजकूर)



आज कायद्याचं थोडं आणि जिभेचं जास्त बोलायचं आहे. मोर्चात आपण शेकडो जण मिळून नाही म्हणतो. पण घरी ओट्यावर एकटा माणूस, समोर शेठ बसलेला, की तोंडातून "हो जी" निघतं. आपली जमीन मोर्चात जात नाही, ओट्यावर जाते.

असं का होतं? शेठ दरवेळी दरडावत नाही. पावसाळ्यात त्याने खावटीला धान्य दिलेलं असतं, पोरीच्या लग्नाला पैसे दिलेले असतात. त्याची आठवण करून देतो आणि कागद पुढे सरकवतो. दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही ही आपली रीत. रीत चांगली आहे. पण ती पाण्याला, भाकरीला. सातबाऱ्याला नाही.

1945 साली झरी गावी वारली मंडळी जमली आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरलं. त्याआधी एकट्याने नकार दिला तर मार खावा लागे. सगळ्यांचं ठरलं, तेव्हा त्याच माणसांना नाही म्हणता आलं.

मग नाही कसं म्हणायचं?

एक, सबब सांगू नका. "आज मालक घरी नाही" म्हटलं की तो उद्या येतो. सबब संपते, मागणी संपत नाही.

दोन, शिवी नको, आवाज चढवू नका. भांडण झालं की मारामारीची केस होते आणि जमिनीची गोष्ट बाजूला राहते. असं बोला: "शेठ, तुम्ही वेळेला पैसे दिले, ते विसरलो नाही. हिशेब चार माणसांत बसून करू. पण जमिनीच्या कागदावर अंगठा देणार नाही." पैसे वेगळे, जमीन वेगळी.

तीन, एकट्याने उत्तर देऊ नका. "कागद ठेवून जा, गावात वाचून घेतो." तो ठेवायला तयार नसला तर काय ते समजा. कोऱ्या कागदावर तर अंगठा कधीच नाही.

कायदा आपल्या मागे आहे. महसूल कायद्याचं कलम 36अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकत, गहाण किंवा पट्ट्याने द्यायची तर कलेक्टरची मंजुरी लागते. कर्जापोटी माणूस बांधून राबवणं 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून "पोराला माझ्याकडे ठेव" म्हणाला तर सांगा, "पोरगा राहणार नाही. मजुरी ठरवा, मी कामाला येतो."

आता घरातलं. नवरा "दे अंगठा" म्हणाला तरी बाईने विचारायचं, कशावर? तिने विचारलं म्हणून तिच्यावर हात उचलायचा नाही. हेही आपलं ठरलं पाहिजे.

आणि आमच्याबद्दल. कार्यकर्ते मुक्कामाला येतात. घरात तांदूळ नसला तर "आज जेवण होणार नाही" असं सांगा. अंगात ताप असला तर मीटिंगला येणार नाही म्हणा. आम्ही राग धरणार नाही. जो संघटनेला नाही म्हणू शकत नाही, तो शेठला काय म्हणणार?

आता दोघं दोघं समोरासमोर बसा. एकाने शेठ व्हायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं. मग उलटं. शेठ होणाऱ्याने गोड बोलायचं. खरा शेठही गोडच बोलतो.