निरोप, नोंद आणि निर्णय

‘व्यवस्थापन माहिती प्रणाली’ हे भारदस्त नाव कानावर पडले की सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे संगणकांच्या रांगा, थंडगार कचेऱ्या आणि आकड्यांनी भरलेले तक्ते उभे राहतात. आणि हा आपला विषय नव्हे, असे म्हणून तो स्वस्थ बसतो. वस्तुतः या नावाच्या पोटात जी गोष्ट आहे ती फार जुनी आणि फार साधी आहे. जेथे म्हणून चार माणसे मिळून एक काम करतात, तेथे काय करावयाचे ते एकाने दुसऱ्यास सांगावे लागते, काय झाले ते दुसऱ्याने पहिल्यास कळवावे लागते, आणि सांगितलेले व कळविलेले कोठेतरी टिपून ठेवावे लागते. निरोप, नोंद आणि त्यांवरून केलेला निर्णय, या तिहींची मिळून ही प्रणाली होते. दौत, टाक आणि वही ही तिची कालची साधने होती. संगणक हे आजचे साधन होय.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी एखाद्या बड्या कंपनीच्या इमारतीत शिरण्याचे कारण नाही. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेणच्या अलीकडचे स्थानक हमरापूर. पेण शहरात रुजलेली गणेशमूर्तींची कला आसपासच्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांत पसरली, आणि आज तेथे मूर्तींचे शेकडो कारखाने चालतात. मुंबई, ठाणे, पुणे येथील व्यापारी येथून रंगविलेल्या मूर्ती नेतात, तशाच न रंगविलेल्या कच्च्या मूर्तीही नेतात. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचा प्रवास जहाजाने व्हावयाचा असल्यामुळे त्या कित्येक महिने आधीच रवाना कराव्या लागतात. कारखाना म्हटला तरी पुष्कळ ठिकाणी तो एका कुटुंबाचा आणि हाताखालच्या दहा-वीस कारागिरांचा असतो. तरीही मोठ्या संस्थेला जे जे प्रश्न पडतात ते सर्व येथे आढळतात, आणि ते अधिक उघडपणे आढळतात.

याचे कारण या धंद्याच्या स्वरूपातच आहे. कापडाच्या दुकानदाराचा माल दिवाळीला खपला नाही तर लग्नसराईत खपेल. मूर्तिकाराला ही सवलत नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा सूर्य उगवला की न विकलेली मूर्ती वर्षभरासाठी अडगळ होऊन बसते. शिवाय ही तिथी इंग्रजी महिन्यांच्या हिशेबात एका जागी राहत नाही. २०२३ साली श्रावण अधिक आल्यामुळे चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. २०२४ साली ती ७ सप्टेंबरला आली आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. दोन वर्षांत तेवीस दिवसांचा फरक! कोकणच्या पावसात मूर्ती वाळविणाऱ्याला तेवीस दिवस म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. अशा धंद्यात बातमीलाही मुदत असते. आषाढात कळली असता उपयोगी पडणारी गोष्ट श्रावणाच्या अखेरीस कळली तर तिचे वरातीमागून घोडे होते.

आता कारखान्यात कोणती माहिती लागते ते पाहू. मूर्ती साच्यातून निघते, तिची डागडुजी होते, ती वाळते, घासून गुळगुळीत होते, तिला पांढरा हात बसतो, मग रंग चढतो आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. आखणी हे सर्वांत नाजूक काम. ते सर्वांना साधत नाही. समजा, एका कारखानदाराने १,००० मूर्तींची मागणी घेतली आहे आणि माल उचलण्यास १५ दिवस उरले आहेत. तो विचारतो, “काम कुठवर आले?” उत्तर येते, “आठशे मूर्ती झाल्या.” उत्तर खोटे नाही, आठशे मूर्ती साच्यातून निघालेल्या आहेत. कारखानदार निश्चिंत होतो. परंतु आखणी झालेल्या मूर्ती केवळ २०० असतील, आखणीस दोनच कारागीर असतील आणि प्रत्येकाच्या हातून दिवसाला २० मूर्ती होत असतील, तर उरलेल्या ८०० मूर्तींना २० दिवस लागतील. पंधराव्या दिवशी २०० मूर्तींना डोळे नसतील. हेच आज कळले तर आखणीचा तिसरा कारागीर आणता येतो आणि काम १४ दिवसांत उरकते. दहा दिवसांनी कळले तर मग हात चोळीत बसण्यावाचून गत्यंतर नाही.

येथे वहीत आकडा नव्हता असे नाही. आकडा होता, पण तो चुकीच्या ठिकाणचा होता. काम ज्या पायरीवर अडते त्या पायरीचा आकडा रोज डोळ्यांपुढे असला पाहिजे. बाकीचे आठवड्यातून एकदा पाहिले तरी चालतात. ढीगभर तक्ते मागविणाऱ्या अनेक मोठ्या कचेऱ्यांना हा विवेक राहत नाही. तेथे सर्व काही मोजले जाते, आणि म्हणूनच काय पाहावयाचे ते कोणासही समजत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण या बाबतीत मननीय आहे. १८९० पासून चालत आलेल्या त्यांच्या व्यवस्थेत डब्याच्या झाकणावर दोन-चार अक्षरे व आकडे रंगविलेले असतात. डबा कोठून आला, कोणत्या स्थानकावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीच्या कोणत्या मजल्यावर पोहोचवावयाचा, एवढेच त्यांत असते. डब्यात भाजी कोणती, याची नोंद कोणी ठेवीत नाही. डबा पोहोचविणाऱ्यास जेवढे लागते तेवढेच झाकणावर लिहिलेले असते, आणि ते नेमके त्याच्या डोळ्यांपुढे असते.

माहिती नेमकी असावी, तशीच ती एका ठिकाणी असावी. गिऱ्हाईक येते, मूर्ती पसंत करते, विसार देते. मग त्या मूर्तीच्या पाटाला नावाची चिठ्ठी लागते. ही चिठ्ठी दिसावयास क्षुल्लक, परंतु एकच मूर्ती दोघांना विकली जाऊ नये याची सारी हमी तिच्यात आहे. रेल्वेच्या एकेरी मार्गावरील जुनी पद्धत पुष्कळांनी पाहिली असेल. दोन स्थानकांमधील मार्गासाठी यंत्रातून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे, आणि तो हाती पडल्यावाचून चालकाने गाडी पुढे न्यावयाची नसे. गोळा एक, म्हणून गाडी एक. पाटावरची चिठ्ठी हा कारखान्यातील असाच गोळा होय.

मोबाइल आल्यापासून मात्र या शिस्तीला धोका उत्पन्न झाला आहे. मुंबईचा व्यापारी थोरल्या भावाला फोनवर मागणी सांगतो, पुण्याचा व्यापारी धाकट्याच्या व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठवितो, तिसरा कोणी थेट कारागिरालाच “पितांबर जांभळे करा” म्हणून कळवितो. निरोप पूर्वीपेक्षा शतपट वेगाने येतात. पण ते पाच खिशांत पाच ठिकाणी राहतात. जी गोष्ट एकाच्या फोनमध्ये आहे ती त्या माणसाला ठाऊक आहे, कारखान्याला ठाऊक नाही. तो माणूस आजारी पडला की ती माहितीही अंथरुणाला खिळते. यावर उपाय साधा आहे. मागणी कोणाकडेही येवो, ती त्याच दिवशी एका वहीत अथवा संगणकातील एका तक्त्यात उतरावी, आणि उतरलेली नोंद गिऱ्हाइकाला वाचून दाखवावी. उंची किती, माती शाडूची की प्लास्टर, रंग कोणता, नेण्याचा दिवस कोणता, हे त्याच्या तोंडून कबूल होईपर्यंत मागणी पक्की समजू नये.

येथवर झाला तो वरून खाली आणि बाहेरून आत येणाऱ्या निरोपांचा विचार. याहून अवघड असतो तो खालून वर जाणारा निरोप, विशेषतः वाईट बातमीचा. साचा झिजला, मूर्तीच्या नाकाची कड नीट उठत नाही, हे पहिल्यांदा साचा भरणाऱ्या पोऱ्याला दिसते; मालकाला दिसत नाही. पण त्याने सांगितले आणि मालक त्याच्यावरच खेकसला, तर पुढल्या वेळी तो गप्प राहील. त्याची मजुरी नगावर असेल तर गप्प राहण्यास आणखी एक कारण मिळते. वहीत मूर्तींची संख्या वाढत राहते, आणि डागडुजीचे काम नकळत दुप्पट होऊन बसते. मालक ज्याची विचारपूस करतो तेच त्याला सांगितले जाते. तो केवळ ‘किती झाल्या’ एवढेच विचारील तर ‘कशा झाल्या’ हे त्याला कोणी सांगणार नाही. म्हणून जाणता चालक वाईट बातमी आणणाऱ्याचे आभार मानतो. हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. तो त्याच्या धंद्याचा विमा आहे.

हाच दोष मोठ्या प्रमाणावर झाला म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे याच परिसराने पाहिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी मूर्तिविसर्जनासंबंधी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई सांगितली. जलाशयांचे रक्षण व्हावे हा हेतू योग्यच होता. परंतु त्या वर्षीची चतुर्थी २२ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या १०२ दिवसांवर होती. एक उत्सव संपतो न संपतो तोच पुढल्या वर्षाचे काम सुरू करणाऱ्या गावांत मे महिन्यापर्यंत माल तयार होऊन पडलेला असतो, आणि त्या वर्षी तर टाळेबंदीने सर्वांचेच कंबरडे मोडले होते. दहा दिवसांत, २२ मे रोजी, ही मनाई एका वर्षाने पुढे ढकलल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. पुढेही प्रश्न न्यायालयांतून फिरत राहिला. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती, आणि अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास हरकत नाही हे मुंबई उच्च न्यायालयाकडून स्पष्ट झाले ते जून महिन्यात. प्लास्टर असावे की शाडू, हा वाद निराळा. येथे पाहावयाचे ते इतकेच की आज्ञा देणाऱ्याच्या पंचांगात आणि काम करणाऱ्याच्या पंचांगात मेळ नसेल, तर चांगली आज्ञाही निष्फळ होते, आणि दरम्यान माती आणावी की प्लास्टर, कर्ज काढावे की थांबावे, हे न समजलेला कारागीर तेवढा भरडला जातो.

दुसरे उदाहरण याहून दुःखद आहे. २०१० सालच्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांच्या आडून झालेला गैरव्यवहार पाचशे कोटी रुपयांहून अधिक असल्याचे पुढे आले, आणि लाखाहून अधिक ठेवीदारांचा पैसा अडकला. स्वतःच्याच पैशासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. बँकेइतक्या वह्या, ताळेबंद आणि तपासण्या कोणत्याही मूर्तिकाराच्या कारखान्यात नसतात. तरीही खातेवहीत कर्जदार उभा होता आणि प्रत्यक्षात तो नव्हता. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तशातला हा प्रकार. कागद कागदाशी जुळला म्हणजे हिशेब खरा ठरत नाही. कागद वस्तूशी जुळावा लागतो. हमरापूरचा कारखानदार वहीत ‘३०० मूर्ती वाळल्या’ असे वाचून थांबत नाही. तो शेडमध्ये जातो, दोन-चार मूर्ती उचलतो आणि हाताने वजन अजमावतो. ओल असली तर मूर्ती जड लागते. मोठ्या संस्थेत हे काम हिशेबतपासनिसाचे असते, आणि तो शेडमध्ये न जाता वहीवरच समाधान मानील तर संगणक कितीही महागडा असो, त्याचा काही उपयोग नाही.

तात्पर्य, माहितीच्या कोणत्याही व्यवस्थेला चार प्रश्न विचारावेत. बातमी खरी आहे काय? ती एका ठिकाणी नोंदली आहे काय? ज्याने निर्णय करावयाचा त्याच्यापर्यंत ती वेळेवर पोहोचते काय? आणि कडू बातमी सांगणाऱ्यास अभय आहे काय? या चारही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर दोन पैशांची वही पुरते. नसतील, तर लाखो रुपयांची यंत्रे घेऊनही कारभार अंधारातच चालावयाचा.

या साखळीतील शेवटचा दुवा शहरातील गृहस्थ हाच आहे. मूर्ती कोणती हवी हे आदल्या आठवड्यात तोंडी सांगून, “आमचे नेहमीचेच” एवढ्यावर काम भागवू पाहणारा यजमान आपल्या नकळत दूरच्या एका कारागिराची रात्र वाया घालवितो. देव्हाऱ्याची उंची मोजून, शाडूची की दुसरी ते ठरवून, नेण्याची तारीख लिहून, आषाढातच ज्याने मागणी नोंदविली आणि पावती वाचून घेतली, त्याने आपली सोय तर पाहिलीच. शिवाय हमरापूरच्या शेडमध्ये आखणीची कुंचली हाती घेऊन बसलेल्या माणसाला, आज किती मूर्तींना डोळे द्यावयाचे, हे सकाळीच कळण्याची व्यवस्थाही केली.